सुभेदार निकमांचा कॅनडातला हवालदार

१८ एप्रिल २००४, रविवार. वर्षाचे गहू गच्चीवर पसरून बसले होते. निफाडचे गहू, चाळून-निवडून झालेले. आता कोमट एरंडेल हाताला घेऊन चोळायचं, उन्हं चढायच्या आत उरकायचं आणि कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं, एवढं काम होतं. हे काम करताना मला कोणी हाक मारलेली आवडत नाही, कारण तेलकट हाताने माणूस ना पदर सावरू शकत, ना दार उघडू शकत.

"पगारे मॅडम," कठड्यापलीकडून आवाज आला. "तुमच्या आठ वाजता खार. गव्हावर डोळा आहे तिचा."

नवा माणूस असता तर त्याने घड्याळ पाहिलं असतं. मी डाव्या खांद्यावरून जरा मागे पाहिलं. खार होती. हाकलली.

आमच्या शेजारच्या सुभेदार निकमांची ही रीत आहे. आयुष्य तोफखान्यात गेलं. तिथे लक्ष्य दाखवताना घड्याळाचे काटे वापरतात म्हणे. नाकासमोर बारा, उजवा हात तीन, पाठ सहा. निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात आमच्या शेजारी राहायला आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी आम्ही सगळे अजून कुठल्या तरी टेकडीवर उभे आहोत आणि समोर दुश्मन आहे. बाजारात भाजीवालीला म्हणतात, "तुझ्या दोन वाजताची गवार दाखव." ती विंचूरकडची, तोंडाने फटकळ. ती म्हणते, "बाबा, बोट करा ना सरळ. देवाने बोटं कशाला दिलीत?" बोट करणं सुभेदारांना असभ्य वाटतं. माझ्या पुतणीच्या लग्नात ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि ओठ न हलवता म्हणाले, "अकरा वाजता मुलाची आत्या. मघापासून तुमच्याकडे बघते आहे. हसा." मी हसले. त्या आत्याबाईंशी आजतागायत चांगले संबंध आहेत.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे "मोघम नको." कोणी म्हणालं, जरा वेळात येतो, की "जरा म्हणजे किती? मोघम नको." नळाला पाणी कधी येणार, हे विचारायला ते नगरपालिकेत गेले होते. तिथला माणूस म्हणाला, "येईल संध्याकाळकडे." सुभेदार टेबलासमोर उभेच राहिले. "संध्याकाळकडे म्हणजे अलीकडे की पलीकडे?" त्या माणसाने शेवटी घाबरून वेळ सांगितली. पाणी काही त्या वेळी आलं नाही, पण सुभेदारांचं समाधान झालं. पाणी येणं आणि उत्तर मिळणं या त्यांच्या दोन वेगळ्या तक्रारी होत्या.

तर खार हाकलल्यावर ते म्हणाले, "मॅडम, आज संध्याकाळी आठला बूथ उघडा हवा. परदेशचा फोन आहे."

कॅम्पात लॅम रोडला माझं एस.टी.डी.-आय.एस.डी. आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. रविवारी संध्याकाळी ते बंद असतं, हे सुभेदारांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

"अहो, कालच तर केलात संजयला."

"तो घरचा. हा डेपोचा."

मी एरंडेलाचा वाडगा खाली ठेवला. डेपो म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मागच्या शरदात कॅनडाहून आल्या आल्या एकदा काय ते बोलल्यापासून त्यांनी तो शब्द तोंडातून काढलेला नव्हता, हेही ठाऊक होतं.

आता हे डेपो प्रकरण सांगायला हवं.

सुभेदारांचा एकुलता एक मुलगा संजय कॅनडात असतो, टोरांटोच्या बाहेर एका गावात. सुभेदारीणबाई गेल्या आणि दोन वर्षांनी संजयला मुलगी झाली, तेव्हा तो वडिलांना सहा महिन्यांसाठी घेऊन गेला. नात ईशा पाळणाघरात, मुलगा-सून ऑफिसात. सुभेदार पहाटे उठून, दाढी करून, बूट चकचकीत करून सोफ्यावर बसत. सून चांगली मुलगी. तिने बजावलं होतं, "बाबा, गॅस लावू नका, धूर झाला की भोंगा वाजतो. दार उघडं ठेवू नका. कोणी आलं तर उघडू नका." सुभेदारांनी तिन्ही हुकूम पाळले. पण घराबाहेर पडू नका, असं ती म्हणाली नव्हती.

"चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजताच्या दिशेला भुंकणं ऐकलं," ते मला सांगत होते. "एक नाही. बराकभर."

ते आवाजाच्या रोखाने चालत गेले. बेवारशी कुत्र्यांना ठेवण्याची ती जागा होती, सुभेदारांच्या भाषेत डेपो. लोक सोडून गेलेली, रस्त्यावर सापडलेली कुत्री तिथे ठेवतात, मग कोणी कुटुंब येऊन त्यातलं एखादं घरी नेतं. तोवर त्यांना रोज फिरवायला गावातली माणसं जातात, फुकट, हौसेने. काउंटरवर डोना नावाची बाई होती. तिने विचारलं, जनावरांचा काही अनुभव आहे का?

सुभेदार म्हणाले, "खेचर्स."

त्यांची पहिली बरीच वर्षं डोंगरी तोफखान्यात गेली होती. तिथे तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर लादायची आणि चढण चढायची. खेचर म्हणजे म्यूल, हे डोनाला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिने त्यांच्या हातात एका लठ्ठ कुत्र्याचा पट्टा दिला आणि खिडकीतून बघत राहिली.

खेचराच्या डाव्या अंगाने चालायचं असतं, म्हणजे जनावर तुमच्या उजव्या हाताला येतं. डेपोतली कुत्री माणसाच्या डाव्या हाताला चालायला शिकवलेली. सुभेदारांनी आठवडाभरात सगळी उजवीकडे घेतली. हुकूम अर्थातच फौजी. निघताना "तेज चल", चौकात "थम", परत आल्यावर "विश्राम". परतल्यावर प्रत्येकाचे चारही पाय उचलून तळवे तपासायचे, कारण खेचराचे खूर तपासल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, असा त्यांच्या उस्तादाचा नियम होता.

पुढे घरी नेलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. एक बाई फोनवर म्हणाली, तुम्ही दिलेला कुत्रा फार गुणी आहे, पण थांबत नाही. स्टॉप म्हणा, ओरडा, काही करा, पठ्ठ्या चालतोच आहे. डोनाने तिला "थम" म्हणायला शिकवलं. बाईने तिथल्या तिथे म्हणून पाहिलं आणि कुत्रा गालिच्यावर पुतळ्यासारखा उभा राहिला. त्यानंतर डोनाने भिंतीवर एक कागदच लावला, उच्चार फोडून. त्या गावात आज किती गोऱ्या घरांत "तेज चल" ऐकू येत असेल, देव जाणे.

पुढे ते दर वर्षी सहा महिने तिकडे जाऊ लागले. पहिल्या वर्षी परत आले तेव्हा त्यांनी मला कॅनडाचे फोटो दाखवले. मी हात पुसून उत्साहाने बसले. एक नायगारा, दोन-तीन नात, बाकी अख्खा रोल कुत्री. प्रत्येक कुत्र्याशेजारी सुभेदार सावधान उभे.

"आणि संजय-सूनबाई?"

"फोटो ते काढत होते ना," सुभेदार म्हणाले.

इथे येऊन त्यांनी आमच्या गल्लीतल्या काळ्यावर प्रयोग केला. काळ्या हा स्वतंत्र वृत्तीचा प्राणी. दिवसभर चक्कीच्या पायरीवर झोपायचं आणि पोस्टमनवर भुंकायचं, एवढं त्याचं काम. सुभेदारांनी त्याच्या गळ्यात कॅनडातून आणलेला निळा पट्टा घातला आणि म्हणाले, "तेज चल." काळ्या आडवा झाला. त्यांनी बिस्किट दाखवलं, तेव्हा उठला. मग ते त्याला घेऊन थेट बाजारापर्यंत गेले. ही चूक झाली. कुत्र्यांच्या हद्दी असतात, आणि पट्टा बांधलेला परका कुत्रा आपल्या गल्लीतून मिरवत जातो आहे, हे बाजारातल्या कुत्र्यांना कसं सहन व्हावं? सगळी धावून आली. काळ्या सुभेदारांच्या दोन पायांमध्ये शिरला. दुकानांतून माणसं बाहेर आली. चक्कीवाला लांबूनच ओरडला, "साहेब, त्याला फिरायला कशाला न्यायचं? तो हिंडतोच ना दिवसभर."

सुभेदारांनी काळ्याला तसंच मागे वळवलं. परत आल्यावर मला म्हणाले, "सीमेचा प्रश्न आहे. उद्यापासून गल्लीतल्या गल्लीत." आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून ते काळ्याला चक्कीपासून आमच्या फाटकापर्यंत आणि फाटकापासून चक्कीपर्यंत फिरवू लागले. काळ्याला हे पटलेलं नव्हतं. पण नंतर बिस्किट असे.

हवालदाराची गोष्ट दुसऱ्या वर्षीची. डेपोत एक म्हातारा कुत्रा आला. तपकिरी, जातकुळीचा पत्ता नाही, एक कान अर्धा तुटलेला. मालक वृद्धाश्रमात गेला म्हणून कुत्रा इकडे आला होता. त्याचं तिथलं नाव बिस्किट. सुभेदारांना ते अजिबात रुचलं नाही. "बिस्किट हे काय नाव झालं? चहात बुडवायचं आहे का त्याला?" त्यांनी त्याला हवालदार केलं.

हवालदार कोणाबरोबर चालत नसे. रस्त्याच्या मधोमध बसकण मारी. तरणीताठी पोरं त्याला ओढून ओढून थकली. सुभेदारांबरोबर मात्र तो चाले. मी विचारलं, असं काय केलंत? ते म्हणाले, "काही नाही. दोघांचेही गुडघे गेलेले. तो बसला की मीही बसतो."

शनिवारी संध्याकाळी त्यांचा संजयला फोन असतो, तोही माझ्या बूथवरून. घरी फोन आहे, पण परदेशी फोन बूथवरूनच करायचा असतो, अशी त्यांची समजूत आहे. तो फोन ऐकण्यासारखा असतो. "संजय? बाबा. तब्येत ठीक. हवा गरम. पाणी येतं. ईशा कशी? बरं. ठेवतो." संपलं. माझ्या बूथवरचं ते सगळ्यांत तोट्याचं गिऱ्हाईक. बाकीची माणसं आत जाऊन अर्धा अर्धा तास रडतात, हसतात, भांडतात. सुभेदार रपट देतात. पण मागच्या वर्षापर्यंत, ते इथे असताना, "ठेवतो" म्हणण्याआधी एक वाक्य वाढलं होतं. "डेपोवरून गेलास का कधी?" संजय बहुतेक म्हणायचा, नाही हो बाबा, वेळ कुठे आहे.

मग मागच्या वर्षी ते प्रकरण झालं.

तिकडे कुत्रा फिरवणाऱ्याने त्याची घाणही उचलायची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची, गाठ मारायची, टोपलीत टाकायची. सुभेदारांना यात काही वाटत नसे. "फटीग ड्यूटी आहे, बराक झाडण्यासारखी. खेचरांची टोपल्यांनी उचलली." तर एके सकाळी ते एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हवालदार, असे उभे असताना तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक बाई गाडीतून चालल्या होत्या. त्यांनी गाडी थांबवली. गणपतीत त्यांनी सुभेदारांना पाहिलेलं.

"काका, तुम्ही इथे काम करता?"

"हो," सुभेदार म्हणाले. "रोज सकाळी."

ते खोटं बोलले नाहीत, आणि जास्त बोलायची त्यांना सवय नाही. बाईंनी यातून जे समजायचं ते समजलं. निकमांचा संजय म्हाताऱ्या बापाला गावावरून आणतो आणि त्याला लोकांच्या कुत्र्यांची घाण उचलायला लावतो. त्याच संध्याकाळी त्या चिवड्याचा डबा घेऊन घरी आल्या. सुभेदारांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "काका, काही लागलं तर आम्ही आहोत." सुभेदारांना वाटलं, चांगल्या बाई आहेत. सुनेला मात्र सगळं कळलं, आणि रात्रीपर्यंत ते मंडळातही सगळ्यांना कळलं. दसऱ्याच्या कार्यक्रमात कोणीतरी संजयला कोपऱ्यात घेऊन विचारलं, बाबा रे, काही अडचण आहे का?

संजय घरी आला आणि म्हणाला, "बाबा, कुत्री बंद करा. माझ्यासाठी."

हे सगळं सुभेदारांनी मला एकदाच सांगितलं, परत आल्यावर, काही तक्रार नसल्यासारखं. सांगून झाल्यावर म्हणाले, "हुकूम आला. बंद केली." अजून महिनाभर मुक्काम होता, पण ते डेपोच्या रस्त्याला पुन्हा गेले नाहीत. मी म्हटलं, "अहो, निदान सांगून तरी यायचं डोनाला." ते म्हणाले, "गेलो असतो तर हुकूम मोडला असता." ते विषय सोडून झेरॉक्स मशीनकडे बघत राहिले. त्यानंतर डेपो हा शब्द बंद.

या वर्षी मेमध्ये पुन्हा जायचं ठरलं होतं. मार्चमध्ये छातीत दुखलं म्हणून नाशिकला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मीच बरोबर होते. डॉक्टर समजुतीने म्हणाले, "बाबा, आता प्रवास वगैरे जरा जपून." सुभेदार म्हणाले, "मोघम नको." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते म्हणाले, "विमान बंद. यंदा नाही, पुढच्या वर्षीचं पुढे बघू. पण मला विचाराल तर, नाहीच."

सुभेदारांनी त्यांचे आभार मानले. येताना आम्ही रिक्षा केली. बिटको चौकात सिग्नलला म्हणाले, "तोही बारा-तेरा वर्षांचा असेल." कोण, ते मी विचारलं नाही.

म्हणून त्या रविवारी डेपोचा फोन म्हटल्यावर मी संध्याकाळी दुकान उघडलं.

सुभेदार आठला पाच मिनिटं कमी असताना आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर डेपोवाल्यांनी दिलेली हिरवी टोपी. ती काढून त्यांनी माझ्यापुढे उलटी धरली. मागच्या बाजूला डेपोचा फोन नंबर छापलेला होता.

"तुम्ही बोला, मॅडम. तुमचं इंग्लिश बरं आहे. मला फक्त विचारायचं आहे, हवालदार हजर आहे का. एवढंच."

मी नंबर फिरवला. तिकडे सकाळ होती. एका बाईने उचलला. मी म्हटलं, इंडियाहून बोलते, मिस्टर निकम यांच्या वतीने. पलीकडून ती बाई एवढ्या मोठ्याने "कॅप्टन" म्हणाली, की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"सुभेदार सांगा तिला," सुभेदार कुजबुजले. "कॅप्टन चुकीचं आहे."

मी ते राहू दिलं. डोना भडाभडा बोलत होती. मला तिचं सगळं कळत नव्हतं, पण हवं ते कळलं. बिस्किट आहे. आजारी नाही, म्हातारा झाला आहे. अर्धंच खातो. कोणाबरोबर फिरायला जात नाही. पट्टा बांधला की फाटकापर्यंत येतो, तिथे बसतो आणि रस्त्याकडे बघत राहतो. गेल्या शरदापासून असंच. त्याला कोणी घरी नेलं तर बरं होईल. शेवटचे दिवस एखाद्या घरात, एखाद्या चटईवर जावेत. पण लोकांना पिल्लं हवी असतात. कॅप्टन कधी येणार आहेत?

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. फाटकाचं सांगितलं तेव्हा सुभेदारांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"अर्धं का खातो? विचारा."

"तिला नाही माहीत, सुभेदारसाहेब."

डोना म्हणाली, थांबा, मी फोन त्याच्याकडे घेऊन जाते. मी रिसीव्हर सुभेदारांच्या हातात दिला आणि काचेच्या खोलीबाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसले. त्या खोलीचं दार कधीच नीट लागत नाही. लोकांना ते लागल्यासारखं वाटतं, एवढंच.

मला वाटलं, आता "सावधान" किंवा "थम" ऐकू येणार. सुभेदार फोनवर नेहमीसारखे ताठ उभे होते. मग अगदी हळू म्हणाले,

"कसा शे रे, भाऊ?"

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. ही अहिराणी होती. सुभेदारांचं गाव देवळा तालुक्यातलं, हे मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा सूर मी ऐकलेला नव्हता. सुभेदारीणबाई साताऱ्याकडच्या, मुलगा छावण्यांच्या शाळांत वाढलेला, घरात पुस्तकी मराठी आणि वर फौजी हिंदी. माझी एक आत्या सटाण्याला दिलेली, म्हणून मला तेवढं समजलं.

"जेवना का? अर्धंच का बरं? ... असं करू नही." मीटर फिरत होतं. "माले येता येत नही रे आते. डाक्टर नही म्हने." त्यांनी काचेकडे तोंड फिरवलं, म्हणजे माझ्याकडे पाठ केली. "तुले न सांगता निंघी उनू मी. राग धरू नको."

न सांगता निघून आलो, राग धरू नकोस. हे ते एका कुत्र्याला सांगत होते, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, माझ्या बूथमध्ये, टोपी घालून. मी समोरच्या कॅलेंडरवरची गॅसची तारीख वाचत बसले.

शेवटी ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "विश्राम," आणि त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. डोना सांगत होती, तो उठून उभा राहिला, शेपटी हलवली, आता फोन चाटतो आहे. मी हेही मराठीत सांगितलं. सुभेदारांनी मान हलवली. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. डोळ्यांबद्दल मी काही म्हणणार नाही, बूथमधला दिवा पिवळा आहे.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि सरळ विचारलं, "संजयचं घर तिथून किती लांब?"

"पायी दहा मिनिटं."

"मग त्याला सांगा ना. घेऊन ये म्हणावं त्याला. घरात एक चटई टाकली की झालं."

"नाही."

"का पण? सून नाही म्हणेल?"

"सून चांगली आहे. प्रश्न तो नाही." ते दुकानाच्या पायरीवर बसले. मी त्यांना पायरीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मॅडम, तो लहान असताना मी कायम बाहेर. बदल्या, पोस्टिंग. सुट्टीवर आलो की हुकूम सोडायचो, हे कर, ते कर, बूट इथे ठेव. त्याने सगळं ऐकलं. आणि त्याने मला आयुष्यात एकच गोष्ट सांगितली. बाबा, कुत्री बंद करा. तीही मोडू?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना देऊन उपयोग नव्हता.

"तुम्हीही सांगायचं नाही त्याला."

"बघते."

"मोघम नको, मॅडम."

"बघते म्हटलं ना. चला, उशीर होतो आहे, गोळी घ्यायची आहे तुम्हाला."

ते उठले. गल्लीच्या तोंडाशी काळ्या वाट बघत बसला होता, त्याने पट्ट्याशिवायच त्यांच्या मागे चालायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसहाला दुकान उघडलं. माझी वेळ आठची, पण तिकडे तेव्हा रात्रीचे नऊ असतात, म्हणजे जेवणं होऊन मूल झोपलेलं असणार. संजयचा नंबर मला शनिवारांमुळे पाठ आहे. हुकूम सुभेदारांना मिळाला होता. मी फौजेत नाही.

"संजय, मी पगारेकाकू, कॅम्पातून. वडील ठीक आहेत, आधी हे ऐक."

"काकू? इतक्या सकाळी? नक्की ठीक आहेत ना?"

"नक्की. आता मी सांगते ते मधे न बोलता ऐकायचं. त्यांनी सांगितलेलं नाही. उलट सांगू नको म्हणालेत."

मी सगळं सांगितलं. फाटक, अर्धं जेवण, डॉक्टर, आदल्या संध्याकाळचा फोन. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. तो मधे बोलला नाही. वडिलांचा मुलगा आहे.

"मी फक्त म्हटलं होतं," तो शेवटी म्हणाला, "की लोक काहीबाही बोलतात. मला वाटलं, त्यांना नुसता वेळ घालवायचा होता."

"तू बंद म्हणालास, त्यांनी बंद केलं. त्या कुत्र्याचा निरोपसुद्धा घेतला नाही."

"मला एकदा तरी म्हणायचं होतं त्यांनी."

"तुम्ही दोघं शनिवारी किती बोलता, ते मला माहीत आहे."

मग त्याने विचारलं, "काय बोलले हो ते त्याच्याशी?"

मी त्याला जसं आठवलं तसं म्हणून दाखवलं. माझा उच्चार काही खरा नाही, पण शब्द तेच होते.

"ही कुठली भाषा?"

"अहिराणी. तुझ्या आजीची."

"बाबांना येते?"

"येते," मी म्हटलं. "पेन घे हातात. डेपोचा नंबर सांगते."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि त्याने बायकोला हाक मारली.